वळणापर्यंतचा निरोप

जपानमधल्या शिनानोच्या डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी, त्सुगे घराण्याचं जुनं पाहुणघर आहे. तिथून पाहुण्यांची गाडी निघाली की मालक आणि सगळे नोकर दारात रांगेनं उभे राहतात आणि कमरेत वाकतात. गाडी उतार उतरते, भातखाचरं ओलांडते, लाल झबलं घातलेल्या जिझोच्या, वाटसरूंच्या राखणदार देवाच्या, दगडी मूर्तीपाशी वळते आणि दिसेनाशी होते. तोवर कुणाची पाठ सरळ होत नाही. पाहुणा कितीही तिरसट असो, रात्री दारू चढून त्यानं कागदी दारं फाडलेली असोत, निरोप वळणापर्यंतच. मालक तोकुजी यांनी यात आयुष्यभर कधी हात आखडता घेतला नाही.

हे सगळं गाइड कोझुए बसमध्ये माइकवरून सांगत होती.

सहलीचं नाव होतं ‘जपानची पहिली ओळख’. आयुष्यात पहिल्यांदाच जपानला आलेली माणसं घ्यायची आणि आठवड्याभरात त्यांना माणसात आणायचं, असा तो उद्योग. चपला कुठे काढायच्या, कुंडात उतरण्याआधी अंग कसं धुवायचं, भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. मंडळी माना डोलवत, आणि पुढच्याच जेवणाला कुणीतरी काड्या खोचून मोकळं होई. कोझुए चिडत नसे. शिकवण्याची तिला मनापासून आवड होती आणि लोकही तिच्यावर खूश असत.

“म्हणजे आपल्यालाही असाच निरोप देणार?” पुढच्या सीटवरच्या इल्दाबाईंनी विचारलं. या पोर्तुगालच्या. मासळीबाजारात गाळा चालवून म्हाताऱ्या झालेल्या, आवाज अजून बाजाराचाच.

“देणार ना. पाहुण्याचा तो सर्वात मोठा मान.”

“तुम्ही पाहिलाय?”

“पाहिलाय,” कोझुए म्हणाली आणि माइक बंद केला.

सहल नेहमी खालच्या गावात उतरायची. पण तिथल्या पाहुणघराची गरम पाण्याची नळी फुटली आणि सहलीच्या कचेरीनं परस्पर त्सुगे यांच्याकडे खोल्या घेतल्या. ते कोझुएच्या वडिलांचं घर आहे हे कचेरीत कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

लहानपणी शाळेला निघताना ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, “जाऊन येते!” वडील मासे साफ करत असायचे. मान वर न करता म्हणायचे, “हं, ये.” बस. एकदा ती रुसली होती. पाहुण्यांसाठी दारात येता, माझ्यासाठी का नाही? तेव्हा वडील म्हणाले होते, “घरच्या माणसाला कसला निरोप? ते जातं ते यायलाच.” आई लवकर गेली होती. त्या एका वाक्यावर कोझुएचं बालपण निभावलं म्हणायला हरकत नाही.

पुढे वडिलांनी घरजावई करायचं ठरवलं. शेजारच्या दारूभट्टीवाल्यांचा धाकटा. त्यानं त्सुगे नाव लावायचं, दोघांनी मिळून पाहुणघर चालवायचं. मुलगा वाईट नव्हता. त्याच्यात दोष एकच, तो कोझुएला नको होता. तिला गाइडची परीक्षा द्यायची होती, टोकियोला जायचं होतं. आठवडाभर घरात शब्दाला शब्द लागत गेला आणि मग वडील गप्प झाले. त्या माणसाचं गप्प होणं ओरडण्याहून वाईट.

ती निघाली त्या सकाळी ते दारात उभे होते. अंगात घराण्याचं चिन्ह असलेला काळा अंगरखा, मागे नोकरांची रांग. कोझुए म्हणाली, “जाऊन येते.” त्यावर वडील म्हणाले, “पुन्हा कधी या बाजूला आलात, तर आमच्याकडेच उतरा.” आणि कमरेत वाकले. बस जिझोपाशी वळेपर्यंत वाकलेलेच राहिले. गावातल्या बायका म्हणाल्या, पोरीचा केवढा मान केला! मान कसला? बापानं पोरीला घराबाहेर काढलं होतं, आणि ते इतक्या सभ्यपणे की तक्रार करायलाही जागा ठेवली नव्हती. त्यानंतर आईच्या श्राद्धाला ती दोनदा आली. दोन्ही वेळा तिला पाहुण्यांची खोली मिळाली, पाहुण्यांचं ताट, आणि निघताना वळणापर्यंतचा निरोप. मग तिनं येणंच सोडलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

बस थांबली. तोकुजी दारातच होते. केस पार पांढरे झाले होते. कोझुएला वाटलं, आता तरी नावानं हाक मारतील.

“या, या गाइडबाई,” ते वाकून म्हणाले. “आपला प्रवास सुखाचा झाला ना?”

“आपल्या कृपेनं,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शिनोमावशी, घरातली सर्वात जुनी मोलकरीण, मागून पुटपुटली, “बाप तसा बाप, लेक तशी लेक. दोन दगड, आणि मधे आमचं पीठ.”

रात्रीच्या जेवणाला सगळे आपापल्या ताटापुढे मांड्या आवळत, कळवळत बसले. एक उंच डच गृहस्थ सबंध घरात प्रत्येक दाराच्या चौकटीवर डोकं आपटत हिंडला होता, तो आता पाय कुठे ठेवायचे या विवंचनेत होता. मालक रिवाजाप्रमाणे दारापाशी गुडघे टेकून बसले आणि पाहुण्यांची विचारपूस करू लागले. मधे दुभाषी कोझुए.

इल्दाबाईंनी भाजलेल्या माशाकडे बोट केलं. “हा कुणी भाजला?”

“मीच,” तोकुजी म्हणाले.

“मीठ बरोबर पडलंय. आख्ख्या सहलीत पहिल्यांदा.”

कोझुएनं ते पोचवलं. म्हातारा खुलला. माशाच्या शेपटीला मीठ जास्त का चोळायचं यावर दोघांचं थोडं बोलणं झालं. मग इल्दाबाईंनी सरळ विचारलं, “तुमच्यानंतर हे कोण बघणार?”

“छप्पर माझ्याहून म्हातारं आहे,” तोकुजी म्हणाले. “आधी कोण पडतंय ते बघू.”

पाहुणे हसले. इल्दाबाई हसल्या नाहीत. “मुलंबाळं नाहीत?”

कोझुएनं आवाज सपाट ठेवला. “पाहुण्याबाई विचारतात, आपल्याला मुलंबाळं आहेत का?”

“एक मुलगी आहे. टोकियोला असते.”

तिनं तसंच्या तसं सांगितलं. इल्दाबाईंनी मान हलवली आणि त्या पुन्हा माशाकडे वळल्या. त्यांच्यापुरता विषय संपला होता. कोझुएनं मात्र हात मांडीवर घट्ट दाबले आणि त्याच सपाट आवाजात म्हणाली, “पाहुण्याबाई विचारतात, ती मुलगी घरी येते का?”

तोकुजी म्हणाले, “यायची. पाहुणीसारखी.”

“पाहुण्याबाई विचारतात, तिला पाहुणी कुणी केलं?”

तोकुजींनी इल्दाबाईंकडे पाहिलं. बाईंचा गाल घासानं फुगला होता, आणि त्या दोन बोटांत धरून एक काटा निरखत होत्या.

“तोंडात घास असूनही पाहुण्याबाई बरंच बोलतात,” ते म्हणाले. मग चटईला हात टेकून वाकले आणि उठून गेले.

“काय म्हणाले?” इल्दाबाईंनी घास गिळून विचारलं.

“म्हणाले, सावकाश जेवा.”

त्या रात्री कोझुएला धड झोप लागली नाही. आपण फार बोललो असं एकदा वाटे, आणि हे फार आधीच बोलायला हवं होतं असंही वाटे. दोन्ही खरंच होतं.

सकाळी न्याहारीच्या खोलीत ताटं मांडली होती. तिनं नजर फिरवली. सगळ्यांची होती, तिचंच नव्हतं.

“शिनोमावशी, माझं?”

मावशींनी इकडे तिकडे पाहिलं. “मालक म्हणाले, इथे तुझं ताट मांडायचं नाही. अगं, ते म्हणाले की...” तेवढ्यात धाड्‌कन आवाज झाला. डच गृहस्थांनी शेवटची राहिलेली चौकटही गाठली होती. मावशी ओला फडका शोधत धावल्या.

कोझुएला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. मुलगी म्हणून जागा गेलीच होती, आता पाहुणी म्हणूनही गेली. डोळे भरून आले. ते तिनं बाहीनं पुसले आणि हसऱ्या चेहऱ्यानं आंबवलेली आलुबुखारं कशी खायची ते मंडळींना शिकवत राहिली. पोटात कावळे ओरडत होते. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं, पण न बोलावता तिकडे कसं जायचं?

निघायची वेळ झाली. सामान चढलं. दारात नोकरांची रांग लागली आणि मधे तोकुजी. त्यांनी एकेका पाहुण्याला वाकून निरोप दिला, इल्दाबाईंना जरा जास्तच खाली वाकून. कोझुए पुढे आली, तेव्हा मात्र ते वळून चक्क आत निघून गेले. तिच्या कानशिलाला आग लागली. ती बसमध्ये चढली, माणसं मोजली, ड्रायव्हरला म्हणाली, “चला.”

बस हलली. मागे रांग वाकली. मंडळी माना वळवून बघत होती, हात हलवत होती. इतक्यात घराच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या दारातून, तोकुजी लाकडी खडावा खडखडवत धावत बाहेर आले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

“थांबव! ए, थांबव गाडी!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. दार उघडलं. म्हातारा धापा टाकत उभा होता, तोंड लालबुंद.

“कोझुए! अक्कल आहे का तुला?”

अख्खी बस माना उंचावून बघू लागली. चार दिवस जपानी माणसाच्या मृदू बोलण्याचे धडे गिरवलेली माणसं ती.

“स्वयंपाकघरात ताट वाढून बसलो होतो मी सकाळपासून. आली का नाहीस? सूप दोनदा गरम केलं! घरात जेवायला यायला आमंत्रण लागतं का तुला? नोकर पाठवायला हवा होता बोलवायला?”

“बाबा, मला वाटलं...”

“काय वाटलं? सदान्‌कदा तुला काहीतरी वाटतं. धर हे. भाताचे लाडू आहेत. रस्त्यात खा. आणि तोंड बघ केवढंसं झालंय, टोकियोत काय उपाशी राहतेस?”

गाठोडं तिच्या हातात कोंबून ते वळले. कोझुए पायरीवरून ओरडली, शाळेला निघताना ओरडायची तशी, “बाबा! जाऊन येते!”

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “हं, ये,” म्हणाले आणि चालत राहिले.

बस पुन्हा निघाली. गाठोडं अजून गरम होतं. कोझुएनं ते सोडलं आणि एक लाडू तोंडात घातला. ती रडतही होती आणि खातही होती. इल्दाबाई पुढे झुकल्या. त्या रागानं फुलल्या होत्या.

“केवढा ओरडला तुमच्यावर! सगळ्यांसमोर! तक्रार करायची का आपण? मी सही करते.”

कोझुएनं भरल्या तोंडानं मान हलवली. नको.

इल्दाबाईंनी मागच्या काचेतून पाहिलं. नोकरांची रांग अजून वाकलेली होती. बस खाचरं ओलांडून जिझोच्या मूर्तीपाशी येत होती. रांगेत मधली जागा रिकामी होती.

“आणि बघा, तो थांबलासुद्धा नाही तुमच्यासाठी,” बाई म्हणाल्या. “वळणापर्यंतही नाही. सरळ आत गेला.”

“हो,” कोझुए म्हणाली. घास गिळून तिनं डोळे पुसले आणि दुसरा लाडू इल्दाबाईंच्या हातावर ठेवला. “गेले ना आत?”