एकसलग तार

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वीजवहन शिकवताना प्राध्यापक यशवंत देवरे दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहीत आणि त्याखाली दोन रेघा ओढीत. तीन फेजच्या संतुलित वाहिनीचा शेजारच्या तारेवर होणारा एकंदर परिणाम शून्य धरावा, असे ते वाक्य. ते कोणत्या अटींवर खरे, हेही ते सांगत. तिन्ही तारांतील प्रवाह सारखे हवेत आणि ठरावीक अंतरांवर तारांनी आपापल्या जागा बदललेल्या हव्यात. तसे असेल तरच तिन्ही अंतरांच्या गुणाकाराचे घनमूळ घेऊन इंडक्टन्स, म्हणजे तारांच्या चुंबकीय प्रभावाचे माप, काढता येतो, नाहीतर ते सूत्र म्हणजे निव्वळ सोय. परंतु परीक्षेत अटी कोणी विचारीत नसे. आणि विद्यार्थी परीक्षेपुरतेच ऐकतात, हा काही नवा शोध नव्हे.

निवृत्तीनंतर तेच वाक्य त्यांच्या घरी परत आले. घेऊन आली रोहिणी, सटाण्याच्या शाळेत शिकवणारी, नामपूरजवळच्या द्राक्षबागायतदार कारभारींची मुलगी. तिची आई कुसाबाई एका सकाळी बागेतल्या तारेला चिकटून गेली होती. रानडुकरांसाठी कारभारींनीच तारेत वीज सोडली, असा पोलिसांचा आरोप होता आणि म्हातारा तुरुंगात होता.

"बागेवरून टॉवरलाइन जाते," रोहिणी म्हणाली. "पण पोलिसांच्या तज्ज्ञांनी लिहून दिलंय, की लाइनचा तारेवर परिणाम शून्य. म्हणजे करंट आप्पांनीच सोडला."

"आप्पा काय म्हणतात?"

"नाही म्हणतात. सर, मी अजून त्यांना भेटायला गेले नाही. काय मानून जाऊ?"

तज्ज्ञाचे नाव ऐकून देवऱ्यांनी फोन उचलला. शेखर त्यांचाच विद्यार्थी. आता स्वतःची सल्लागार कंपनी चालवीत होता.

"सर, तुम्हीच तर शिकवलंत," शेखर हसला. "बॅलन्स्ड लाइन, बेरीज शून्य. मग तारेत करंट आला कुठून? म्हाताऱ्याच्या मोटरच्या पेटीतून."

"त्या सकाळी लाइन बॅलन्स्ड होती?"

"त्या सकाळी लाइन ट्रिप झाली होती, आपोआप बंद पडली होती. पण फॉल्ट पार पुढं, सटाण्याच्या अंगाला. तिथं एक तार जमिनीला टेकली. यांच्या बागेत काही तुटलं नाही, पडलं नाही."

"म्हणजे फॉल्टचा सगळा प्रवाह यांच्या बागेवरून एकाच फेजमधून पुढे गेला आणि जमिनीतून परत आला. मग बाकीच्या दोन फेज त्याला कशा रद्द करणार?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तेवढं गणित मी केलं नाही, सर."

"शून्याला गणित करावं लागत नाही. म्हणून तर ते सगळ्यांना आवडतं."

"आता अभिप्राय फिरवला तर बाजारात माझी काय किंमत राहील?"

"शून्य धर," देवरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले. हंगामाआधी येणारी द्राक्षे अवकाळी पावसापासून वाचावीत म्हणून कारभारींनी वेलींवर प्लास्टिकचे आच्छादन घातले होते. ते तोलण्यासाठी खांद्याएवढ्या बांबूंच्या डोक्यावरून, थेट टॉवरलाइनला समांतर, सुमारे तीनशे मीटर तार ओढली होती. तारेचे पलीकडचे टोक ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ठोकलेल्या लोखंडी पहारीला पिळलेले होते. अलीकडचे दोरीने लिंबाच्या झाडाला. बांबू कोरडे, दोरी नायलॉनची. म्हणजे वीज जमिनीत उतरायला अलीकडच्या बाजूस वाटच नव्हती. कुसाबाई या अलीकडच्या टोकाशी, पाणी भरलेल्या सरीत अनवाणी उभ्या होत्या आणि तिथेच त्यांनी तार धरली होती; वाट त्यांच्या अंगातून झाली. देवऱ्यांनी अंतरे मोजली. टेपचे दुसरे टोक रोहिणीने धरले. त्या तारेला मात्र तिने हात लावला नाही.

घरी परतून त्यांनी वाहिनी आणि ती तार यांच्यातील परस्पर इंडक्टन्स काढला, त्यात जमिनीतून परतणारा प्रवाह धरला आणि आकडे तीनदा तपासले. एरवी त्या तारेचा चिमटाही बसला नसता. फॉल्टच्या क्षणी मात्र तिच्यात चारशेच्या आसपास व्होल्ट उभे राहिले होते. क्षण अर्ध्या सेकंदाचाही नव्हता. ओल्या पायांना तेवढा पुरतो.

रोहिणीला घेऊन ते तुरुंगात गेले. जाळीपलीकडे कारभारी आले, मुलीकडे पाहून खाली बसले. देवऱ्यांनी सगळे सावकाश सांगितले. वीज तुम्ही सोडली नाही. वरच्या लाइनने, न शिवता, तुमच्या तारेत उभी केली. न्यायालयात मी तसे सांगेन.

रोहिणी रडू लागली. "आप्पा, मी आधी यायला पाहिजे होतं."

कारभारींनी तिला हाताने थांबवले. ते त्या तारेपाशीच अडकले होते.

"सर, तार लांब होती म्हणून इतका करंट आला का?"

"हो. जितकी लांब, तितका जास्त."

"एक बी सांधा नव्हता तिला. मी स्वतः ताणली. गावातले बघायला यायचे." ते थोडे थांबले. "कुसा म्हणायची, मधे तोडा, तिथं दोन पहारी ठोकून टोकं बांधा, वाट ठेवा. तारेखालून वाकून वाकून कंबर गेली माझी. मी म्हटलं, एकसलग तारेला ताण लय चांगला बसतो. तोडली नाय." त्यांनी जाळीत बोटे अडकवली. "मधे तोडली असती, तर किती आला असता?"

देवऱ्यांना खोटे बोलण्याची सवय नव्हती, आणि या वयात ती लागणेही शक्य नव्हते.

"निम्मा."

"निम्म्यानं वाचली असती?"

लांबी सूत्रात सरळ गुणली जाते. त्यापुढे, भिजलेल्या पायांचे आणि साठीतल्या हृदयाचे सूत्र देवऱ्यांपाशी नव्हते.

"सांगता येत नाही, कारभारी. कदाचित."

भेटीची वेळ संपल्याचे शिपायाने सांगितले. कारभारी उठले. रोहिणी काहीतरी म्हणत होती, सुटल्यावर आपण घरी जाऊ, बाग विकून टाकू. त्यांनी ते ऐकले असेल असे वाटले नाही.

"मी करंट सोडला असं पोलीस म्हणत होते, तेच बरं होतं, सर," ते म्हणाले. "ते खोटं हाय, एवढं तरी मला ठाऊक होतं."