मोटेवरचा नवा जोडीदार

मित्रांनो, जुवाने मानेला घट्टे पडलेला मी एक म्हातारा बैल आहे. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे मला चांद्या म्हणतात. नागपूरजवळच्या हुडकेश्वरला माझे मालक रुपराव यांचा संत्र्यांचा बगीचा होता. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. साहेबांच्या बंगल्यांवर आमची संत्री जात, आणि त्या झाडांना विहिरीचे पाणी पाजणारा मी होतो, याचा मला फार अभिमान होता.

मोटेचे काम सोपे नसते. उतारावरून पुढे चालत पाण्याने भरलेली कातड्याची मोट विहिरीतून वर आणायची. ती रिकामी झाली, की तसेच मागे मागे चालत विहिरीच्या काठापर्यंत यायचे. मागचे काही दिसत नाही. कुठे थांबायचे ते पायांनाच कळावे लागते. माझा जोडीदार बुध्या याच्याबरोबर मी नऊ वर्षे हे काम केले.

मग बुध्या आजाराने गेला आणि रुपरावांनी खाप्याच्या बाजारातून गुलाब नावाचा तरणा बैल आणला. अंगाने तांबूस, शिंगे कोवळी, डोळे टपोरे. रुपरावांची बायको गोपिका त्याच्यावर जीव टाकू लागली. तिने त्याला नवे घुंगरू बांधले. सरकीच्या ढेपेचा पहिला घास त्याला मिळू लागला. तो घास नऊ वर्षे माझा होता.

आणि कामात? त्याला मागे चालताच येईना! तो तिरपा जाई, मध्येच अडे, पायात दोर अडकवून घेई. त्याच्या धक्क्यांनी माझी मान सोलून निघाली.

एकदा तो भेदरून उभाच राहिला, तेव्हा मी मुद्दाम मान झटकून त्याला जुवाचा हिसका दिला. रुपरावांनी मलाच दटावले, "काहून गा चांद्या, त्याले छळून राहिला? शिकव न त्याले!"

गोपिका म्हणाली, "लेकरू हाय ते अजून. त्याले काय समजते?"

मला कोणी लेकरू म्हटल्याचे आठवत नव्हते.

तरी मी शिकवले. काठ जवळ आला, की मी जोराने फुरफुरत असे आणि जू मानेने पुढे रेटत असे. म्हणजे थांब. महिनाभरात गुलाबला ही खूण कळली. एका सकाळी तो सलग वीस वेळा बिनचूक थांबला. रुपरावांनी हाक मारली, "गोपिके, पाह्य वं! गुलाब कसा शहाणा झाला!" ती धावत आली आणि तिने त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. माझ्या तोंडासमोरून तिचा हात गेला, तो थांबला नाही.

पुढच्या फेरीला मी खूण दिलीच नाही. एक पाऊल आधीच गुपचूप थांबलो. गुलाब माझ्या खुणेची वाट पाहत मागे जात राहिला. जू तिरके झाले. ओल्या दगडावरून त्याचा मागचा पाय घसरला आणि विहिरीच्या पोकळीत लटकला.

तो हंबरला. ते हंबरणे माझ्याकडे पाहून होते.

"धर गा चांद्या! धर!" रुपराव ओरडले. मी चारही खूर जमिनीत रोवले. मानेत कळ उठली, कातडे फाटले, पण मी मागे सरकलो नाही. रुपरावांनी गुलाबच्या मांडीखाली खांदा लावला. शेवटी तो धडपडत वर आला आणि माझ्या अंगाला चिकटून उभा राहिला.

गोपिकेने माझ्या गळ्याला मिठी मारली. "तुह्यानंच वाचला रे माह्या राजा!" ती रडत म्हणाली. त्या दिवशी ढेपेचे सारे टोपले माझ्यापुढे आले. मित्रांनो, ज्या कौतुकासाठी मी जळत होतो, ते माझ्यापुढे होते आणि माझ्याने एक घासही गिळवेना. खरे काय झाले ते मलाच माहीत होते. मी टोपले नाकाने गुलाबकडे ढकलले.

त्यानंतर मी कधी खूण चुकवली नाही. गुलाब माझ्याहून चांगला मोटेचा बैल झाला. त्याचे कौतुक ऐकून अजूनही कधी कधी पोटात दुखते, खोटे कशाला सांगू!

मित्रांनो, नव्याचे लाड जरूर करा. पण त्याला शिकवणाऱ्या जुन्याच्या पाठीवरून त्याच वेळी एकदा हात फिरवत जा. आणि कधी तुम्हीच ते जुने असाल, तर मनात कितीही जळा, पण खूण वेळेवर द्या. तुमच्या भरवशावर कोणी पाठमोरे चालत असते.