बिब्याच्या फुल्या

गयाबाईने सुलोचनाच्या पाठीवरचा पदर बाजूला केला आणि तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. खांद्यापासून कमरेपर्यंत काळ्या फुल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती फोड आले होते.

बाहेर अंगणात अख्खं गाव जमलं होतं. ही भानामती, असं भगताने सांगून टाकलं होतं, आणि करणारी कोण तेही. बांधावरचे बिबे वेचून विकणारी, मागेपुढे कोणी नसलेली म्हातारी गयाबाई त्याला आयतीच सापडली. स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली होती, पण देवळीच्या पलीकडच्या या गावात अजून भगताचंच राज्य होतं. करणीवालीचे दात पाडले की तिचा मंत्र चालत नाही, म्हणून त्याने ओट्यावर दगडही आणून ठेवला होता. गयाबाईने एवढंच मागितलं की मला एकदा पोरगी पाहू द्या.

आता तिला हायसं वाटलं. या फुल्या बिब्याच्या तेलाने काढलेल्या होत्या, आणि स्वतःच्या पाठीवर पोरीचा हात पोचणं शक्य नव्हतं. तिने वर पाहिलं. सुलोचनाची आई अन्नपूर्णा दाराला पाठ लावून उभी होती, उजवा हात पदराखाली. गयाबाईने तो ओढून बाहेर काढला. आंगठा काळा पडून सुजला होता.

“तुह्यं नाव म्या नाई घेतलं, गयामाय,” अन्नपूर्णा कुजबुजली. “भगतानं घेतलं. जावई हिले न्याले आला हाये. पयल्या बायकोले त्यानं विहिरीत ढकललं, आता हिची बारी हाये. हिचा बाप आयकतच नाई, म्हून केलं म्या.”

सुलोचनाने गयाबाईच्या लुगड्याचा काठ घट्ट धरला होता.

बाहेर जाऊन एक शब्द सांगितला की गयाबाई सुटणार होती. अन्नपूर्णेचा तिला भयंकर संताप आला. तिने काठ सोडवून घेतला आणि दार उघडलं.

“म्याच केली,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “जो हिले घरी नेईन, त्याच्या घरात दिवा लावाले कोणी उरणार नाई.”

जावई दोन पावलं मागे सरला. ठेवा तुमची पोरगी तुमच्यापाशीच, असं त्याने सासऱ्याला सुनावलं आणि रेंगीला बैल जुंपायला सांगितले. रेंगी रिकामीच वळली.

भगत मात्र जागचा हलला नाही. पहिला घाव पीडेच्या घरच्या बाईनेच घालायचा असतो, असं सांगून त्याने दगड अन्नपूर्णेच्या हातात दिला. तिचा हात वर जाईना. लोक तिच्या तोंडाकडे पाहू लागले. फाटकापाशी रेंगी थांबवून जावईही वळून पाहू लागला.

गयाबाई तिच्यासमोर ओट्यावर बसली.

“मार,” ती हळूच म्हणाली. “तो पाहून राह्यला.”

आणि डोळे मिटून तिने तोंड उघडलं.