पुढचे डावे चाक

मित्रांनो, मी चावीवर धावणारे एक जुने खेळण्यातले इंजिन आहे. लांबीला वीतभर, रंगाने एकेकाळी हिरवेगार. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. चावी फिरवली की ती आवळते आणि सोडली की मी धावू लागते. मागे दोन डबे आणि सोळा तुकडे जोडून होणारी पटरीची एक गोल वाट, एवढाच माझा संसार. बोलता मला कधी आले नाही. आले असते तर पुढचे पुष्कळ काही टळले असते, असे मला अजून वाटते.

माझा जन्म विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. बोटीने मुंबईत आले ते परळच्या एका गिरणीतल्या साहेबाच्या बंगल्यावर. साहेबाच्या मुलांनी मला भरपूर पळवले आणि एक दिवस माझी स्प्रिंग तुटली. साहेबाने मला गिरणीच्या मेकॅनिक खात्यात पाठवले. तिथे भिवा नावाचा फिटर होता. त्याने मला कानाशी धरले, हलवले आणि म्हणाला, "मेलेलं नाय. झोपलंय नुसतं." पोलादाच्या पातळ पट्टीची त्याने नवी स्प्रिंग केली. मी धावू लागले तेव्हा साहेब म्हणाले, "भिवा, तुझ्या बोटांना कान आहेत." पुढे नोकरी संपवून ते मुंबई सोडून निघाले, तेव्हा जाता जाता त्यांनी मला भिवाच्याच हवाली केले.

अशी मी काळाचौकीच्या चाळीत राहायला आले. खोली लहान. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यात मोरी. भिवाची बायको कौसल्या, मुलगी मालन. रविवारी जेवणे झाली की चटई गुंडाळायची आणि पटरी मांडायची, असा नियमच होता. घोडपदेवहून बुधाजी यायचा. तो त्याच मेकॅनिक खात्यात टर्नर होता. लेथवर लोखंड कातण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बुधाजीने कातायचे आणि भिवाने बसवायचे, अशी अठरा वर्षांची त्यांची जोडी. त्या खोलीत मी जितकी सुखात धावले, तितकी बंगल्यावरही धावले नव्हते.

मग ब्याऐंशी साल उजाडले आणि जानेवारीत संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे गप्प झाले. सुरुवातीचे दिवस सुट्टीसारखे गेले. सभा, मोर्चे, घोषणा. हळूहळू खोलीतल्या गोष्टी कमी होऊ लागल्या. आधी रेडिओ गेला, मग पितळेची भांडी. कौसल्या लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. भिवा आणि बुधाजी दुपारभर खोलीत बसून राहायचे. कामाची सवय असलेले हात रिकामे राहिले की कसे कावरेबावरे होतात, ते मी जवळून पाहिले आहे.

त्याच दिवसांत मी घसरू लागले.

पहिल्यांदा घसरले ते मोरीजवळच्या वळणावर. भिवा म्हणाला, "फरशीला उतार आहे." त्याने पटरीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा घसरले. मग दोघांनी पटरीचे सोळाच्या सोळा सांधे पक्कडीने आवळले. पुन्हा घसरले. बुधाजी म्हणाला, "मागचा डबा हलका आहे, वळणावर तोच हिला ओढतोय." डब्यात नट-बोल्ट भरून वजन वाढवले. मग डबा जोडणारा आकडा सैल केला, मग घट्ट केला. प्रत्येक उपायानंतर मी चार-सहा फेऱ्या नीट मारायची, दोघांचे चेहरे उजळायचे आणि मग खट्‌कन आडवी पडायची.

माझे काय बिघडले आहे, ते मला ठाऊक होते. पुढचे डावे चाक आपल्या दांड्यावर ढिले झाले होते. धावता धावता ते केसभर आत सरकायचे, आणि वळणावर सांधा आला की पटरीवर चढायचे. सगळे मला आतून कळत होते. पण सांगणार कसे? दोन हुशार माणसे तासन्‌तास पटरीला दोष देत होती आणि मी चाके वर करून त्यांच्यासमोर पडून राहायची.

शेवटी बुधाजीने मला उलटे धरले आणि खिळ्याच्या टोकाने चाके एकेक करून ढकलून पाहिली.

"भिवा, पटरीला काय झालेलं नाय रे. हे बघ. डावं चाक आत जातंय."

भिवाने कॅलिपर लावून मापले. पुन्हा मापले. "च्यायला! एवढे दिवस आपण फरशीला शिव्या घालतोय."

"भोक मोठं झालंय. आत पितळेचा बुश घालावा लागेल. बारीक कडं, करंगळीच्या नखाएवढं. लेथवर दहा मिनिटांचं काम."

"लेथ आत आहे," भिवा म्हणाला, "आणि आपण बाहेर."

दोघेही हसले. भिवाने कागदाची पट्टी गुंडाळून चाक बसवले. ती वीस फेऱ्या टिकायची. फाटली की तो नवी गुंडाळायचा. संप मिटला की बुश करायचा, असे ठरले. पण संप मिटला नाही.

वर्ष सरत आले तेव्हा बुधाजी गावी जाऊन आला. संगमेश्वराकडे त्याचे घर. मुले त्याने तिथे आपल्या आईजवळ ठेवली होती. परतल्यावर तो दोन आठवडे आमच्याकडे फिरकलाच नाही. मग चाळीत कुजबुज सुरू झाली की गिरणीचे काही विभाग थोड्या माणसांवर चालू झाले आहेत, पोलिसांच्या गाडीतून माणसे आत नेतात, आणि त्या गाडीत बुधाजी दिसला. भिवाने ते सांगणाऱ्या माणसाची गचांडी धरली. "बुधाजी? माझा बुधाजी? तोंड सांभाळ."

पुढच्या रविवारी दुपारी बुधाजी स्वतःच दारात उभा राहिला. पायात चपला तशाच. खिशातून त्याने काड्यापेटी काढली आणि उघडून पुढे केली. आत कापसावर तो बुश होता. पिवळाधमक, जणू एखाद्या बाळाची अंगठी.

मित्रांनो, मी ट्रंकेवर उभी होते. माझे औषध माझ्यापासून चार हातांवर होते.

"कुठं केलास?" भिवाने विचारले.

बुधाजीने काड्यापेटी आणखी पुढे केली.

"आत केलास ना? आपल्या लेथवर?"

"भिवा, ऐकून तरी घे. गावी गेलो तर माझी गुणवंती दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढत होती. शाळा सुटली तिची. नऊ वर्षांची पोर. मला बघून हात पाठीमागं लपवले तिनं."

"माझी मालन काय मेवा खातेय? चाळीतल्या कोणाची पोरं खातायत? सगळे थांबलेत ना? तूच होतास ना सभेत हात वर करणारा?"

"होतो."

"मग तो बुश घेऊन जा. संपात कातलेलं पितळ या घरात लागणार नाय."

"अहो, त्यांना आत तर येऊ द्या," कौसल्या म्हणाली.

भिवाने पाठ फिरवली. बुधाजी थोडा वेळ थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले असे मला वाटले. मग काड्यापेटी उंबऱ्यावर ठेवून तो जिना उतरला. कौसल्येने ती उचलली आणि नवऱ्याच्या नकळत मोहरीच्या डबीत ठेवून दिली.

कोणाचे बरोबर होते, हे ठरवायला मी कोण? भिवा शब्दाला जागणारा माणूस होता. बुधाजीने मुलीचे हात पाहिले होते. दोघांच्या मध्ये मी, एक पत्र्याचे खेळणे. त्या दिवशी मला एकदाच, फक्त एकदाच बोलता आले असते तर मी म्हटले असते, "भांडा, पण दार बंद करू नका."

भिवाने मला पुन्हा पटरीवर ठेवले नाही. संप कधी संपला, ते कोणालाच नीट सांगता आले नाही. तो विरून गेला. भिवाला गिरणीने परत घेतले नाही. शीवला एका इमारतीवर तो राखणदार झाला. ज्याच्या बोटांना कान होते, तो माणूस दिवसभर फाटक उघडत आणि लावत बसू लागला. माझ्या दांड्यांना धूळ आणि कापसाचे तंतू चिकटले, चाके गंजली. मालनने कधी माझी आठवण काढलीच तर भिवा म्हणायचा, "राहू दे. तिचं चाक गेलंय."

तीन वर्षे अशी गेली. मग एका संध्याकाळी तो कामावरून आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मेकॅनिक खातं बंद केलं म्हणे. लेथ भंगारात काढली. बुधाजीची लेथ."

कौसल्येने त्याला पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन भिवा म्हणाला, "तो बुश... तू टाकला नसशील."

तिने मोहरीची डबी त्याच्यासमोर आणून ठेवली.

त्या संध्याकाळी भिवाने मला घासले, तेल पाजले, चाक उतरवले आणि बुश बसवला. कानस लावावी लागली नाही, ठोकावे लागले नाही. एकदा कॅलिपरने घेतलेले माप बुधाजीने मनात जपून ठेवले होते. मी धावले. वीस फेऱ्या, तीस फेऱ्या. मोरीजवळचे वळण आले आणि मागे पडले. मालनने टाळ्या पिटल्या. भिवा म्हणाला, "उद्या घोडपदेवला जातो. त्याला दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून त्याने मला नेले. दार बुधाजीच्या बायकोने, तुळसावहिनीने उघडले. तिच्या कपाळाकडे पाहताच भिवाच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"कधी?"

"शिमग्याच्या आधी. छाती भरून आली. कळवणार होते तुम्हाला. पण तुम्ही याल की नाय, ठाऊक नव्हतं."

भिवा भिंतीला टेकून बसला. मग काही सुचेना म्हणून त्याने पटरीचे तुकडे काढले आणि त्या परक्या फरशीवर एकेक जोडू लागला. आतून एक मुलगी आली, शाळेच्या गणवेशात. ती गुणवंती, बुधाजीने गावाहून इकडे आणलेली. तिने बसून त्याला तुकडे हातात दिले.

मी धावू लागले. तुळसावहिनी बराच वेळ पाहत राहिली.

"हेच का ते चाक? सारखे बोलायचे याबद्दल. रविवारी खिडकीत बसायचे. म्हणायचे, भिवा येईल. बुश तोंडावर मारायला का होईना, भांडायला तरी येईल."

भिवाने तोंडावर दोन्ही हात धरले.

मित्रांनो, त्या क्षणी मला घसरायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून घसरायचे होते. मी आडवी पडले असते तर भिवाला मला उचलावे लागले असते, उलटे करून पाहावे लागले असते, त्याच्या हातांना काहीतरी काम मिळाले असते. पण बुधाजीचे काम पक्के होते. चाक हलले नाही. स्प्रिंग संपेपर्यंत मी गोल गोल फिरत राहिले आणि तो रडत राहिला.

भिवा मला तिथेच ठेवून गेला. महिन्यातून एकदा तो तेल घालायला यायचा. एवढ्या तेलाची मला गरज नसायची. पुढे गुडघ्यांनी त्याला जिना चढू देणे बंद केले आणि ते येणेही थांबले. आज मी गुणवंतीच्या कपाटावर आहे. चावी हरवली आहे. कोणी हाताने ढकलले तर अजून सरळ जाते.

तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने खेळणे असेल तर त्याच्या चाकांतले केस आणि धागे काढत जा. थेंबभर तेल पुरते. ते घसरले तर आधी त्याच्याकडे नीट पाहा, फरशीवर रागावू नका. आणि कोणी तुमच्यासाठी काही घडवून दारात उभा राहिला, तर त्याच्यावर कितीही राग असला तरी त्याला आधी घरात घ्या. मग पोटभर भांडा. माणूस समोर बसलेला असतो, तोवरच भांडता येते.