हरलेल्या टीमचा बॉल

मी एक जुना कातडी बास्केटबॉल आहे. हसू नका मित्रांनो! आज मी सुकलेल्या पेरूसारखा दिसतो खरा, पण एकेकाळी मला हातात घ्यायला लातूरची पोरं एकमेकांना ढकलत असत.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं मला शिवलं, हवा भरली, जमिनीवर आपटलं आणि मी उसळताच खूश होऊन थाप दिली. तिथून मी व्यंकटराव तेलमिलवाल्यांच्या टीममध्ये आलो. ही पगारी टीम होती बरं का! खेळाडूंची नावं मिलच्या हजेरीपटावर होती, पण त्यांचं काम एकच, खेळायचं. कॅप्टन होता भुजंग. लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि त्याच्या बनियनवर मोठ्या अक्षरांत ‘लातूर’ लिहिलेलं होतं. ते नाव एकदा तरी जिंकलेलं बघायचं, एवढीच त्याची इच्छा.

पण ते वर्ष दुष्काळाचं. आमचं मैदान मुरमाचं. रोज पाणी शिंपडून रूळ फिरवला तरच ते खेळण्याजोगं व्हायचं. माणसांनाच टँकरचं पाणी पुरेना, तिथं मैदानाला कोण देणार? धुळीत सराव बंद पडला आणि आम्ही हरत सुटलो. सोलापुरात हरलो, परभणीत हरलो. नांदेडला तर दणकून हरलो.

व्यंकटराव वैतागले. “आता घरच्या मैदानावर तरी नांदेडला हरवा, न्हाई तर टीम बंद,” असं त्यांनी सांगून टाकलं.

सामन्याच्या दिवशी दुपारी शेजारच्या गल्लीतल्या नागुबाई बादली घेऊन आल्या. “आंघोळीचं पाणी राखून ठिवलंय बाबा, मैदानावर मार,” त्या भुजंगला म्हणाल्या. त्यांच्यामागं सगळी गल्ली आली. कुणी धुण्याचं पाणी आणलं, कुणी भांड्यांचं. मैदान भिजलं, मग जरा जास्तच भिजलं.

“भुजंग, बास म्हण की! चिखल व्हायलाय,” टीममधला सटवाजी कुजबुजला.

भुजंगला ते दिसत होतं. पण दुष्काळात घरातलं पाणी उचलून आणलेल्या बाईला नको कसं म्हणायचं? त्यानं प्रत्येकीला हात जोडले, आणि प्रत्येकीनं आपली बादली ओतली.

सामना सुरू झाला. भिजून मी जड झालो होतो, टप्पा धड पडत नव्हता. म्हणून आमचे खेळाडू मला जमिनीला लागू न देता नुसते पास देत राहिले. नांदेडचे खेळाडू उंच, तरी आमच्या पोरांनी जीव तोडून बरोबरी राखली. शेवटच्या क्षणांत मात्र आम्ही एकाच गुणानं मागं होतो. भुजंगच्या हातात मी आलो, समोर बास्केटपर्यंत कुणीच नव्हतं. गल्ली ओरडत होती. तो धावला आणि सवयीनं मला जमिनीवर आपटून वर हात धरला. मी वर आलोच नाही. चिखलात तसाच बसून राहिलो. आणि शिट्टी वाजली.

नागुबाई जवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “आमच्या पाण्यानं घात केला का रे लेकरा?”

भुजंगनं मला उचललं, बनियनला पुसलं. ‘लातूर’ चिखलानं झाकून गेलं. “न्हाई मावशी. पाणी बेस होतं. आमीच कमी पडलो.”

टीम बंद झाली. भुजंग त्याच मिलमध्ये पोती मोजायला लागला. नागुबाई आता नाहीत. पण आजही कुणी त्या सामन्याचं काढलं, तर भुजंग तेच सांगतो, आम्हीच कमी पडलो.

मी त्याच्या कपाटावर असतो. जवळच आता सिमेंटचं मैदान झालं आहे. क्लास सुटला की मुलं तिथं खेळतात. टपटप आवाज आला की माझा जीव कासावीस होतो. पण हवा धरणारं आतलं रबरी ब्लॅडर कधीच कुजलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या अडगळीत एखादा बॉल पडला असेल, तर त्याला तसाच ठेवू नका. धूळ पुसा, हवा भरा, मैदानावर न्या. माझा एक टप्पा कायमचा राहून गेला. त्याचा राहू देऊ नका.