नळी तोंडात असताना

सकाळी आठ वाजता फुंकेमामा जिन्यात बसले. पडले नाहीत, चक्कर आली नाही, नुसते बसले. घराचं उघडं दार समोर दिसत होतं, हातात दुधाची पिशवी होती आणि मधल्या तेवढ्या पायऱ्या चढवेनात. छातीत गेलेली हवा बाहेर निघत नव्हती आणि नवी घ्यायला आत जागा नव्हती.

दारातून मामीनं पाहिलं.

“काय हो, बिऱ्हाड हलवलंत का इथे?”

मामांनी हात वर केला. थांब.

“थांबलेच आहे. तुम्ही बोलू नका.” ती खाली उतरली, पिशवी काढून घेतली आणि त्यांच्याशेजारी टेकली. “आज तपासणी म्हणून दम्याचा पंप घेतला नाहीत ना, त्यामुळे होतंय.”

मामांनी मान हलवली. पण दोघांनाही ठाऊक होतं की पंप घेतला तेव्हाही काही वेगळं होत नव्हतं.

मामांचा उभा जन्म काच कारखान्यात गेला. भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकाला उचलायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि फुंकायचं. बरण्या, बाटल्या, दिव्यांची झाकणं. सगळे त्यांना फुंकेमामा म्हणत; खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. दम लागू लागला तसं साहेबांनी त्यांना भट्टीवरून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यांत माल भरायला बसवलं. त्याचंही त्यांनी मनाला लावून घेतलं नसतं. पण भट्टीवरचा त्यांचा जोडीदार लंबू, त्यालाही आधी खोकी भरायलाच बसवलं होतं. त्यालाही डॉक्टर पहिल्यांदा दमाच म्हणाले होते. मग म्हणाले, दुसरं काहीतरी दिसतंय. लंबू परत कामावर आला नाही.

आणि गेल्या आठवड्यात छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरून तेच शब्द उच्चारले होते. “दोन महिने झाले, डोस वाढवला, तरी औषधाचा काडीचा उपयोग नाही. आणि इथे उजवीकडे वर एक डाग आहे. फुंकायची तपासणी करू, मग स्कॅन. दुसरं काही नाही ना, ते बघायला हवं.”

जिन्यातून उठून दोघं दवाखान्यात पोचली. तपासणीच्या खोलीतली बाई चटपटीत होती. तिनं मामांच्या नाकाला चिमटा लावला, यंत्राची नळी तोंडात दिली आणि म्हणाली, “छाती भरून घेतलीत ना? आता सगळी हवा एकदम फेका! फेका, फेका, फेका!”

मामांनी फुंकलं. सावकाश, एकसारखं, जराही धक्का न देता. पडद्यावरची रेघ आडवी झाली.

“अहो मामा, जपून कसलं फुंकताय? काही फुटणार आहे का?”

“फुटतं ना,” मामा चिमट्यातून गेंगाण्या आवाजात म्हणाले. “जोर लावला की माल फुटतो.”

कोपऱ्यातून मामी बोलली, “माझ्यावर ओरडता तसं फुंका. तेव्हा कसा जोर येतो!”

बाई हसली, मामाही हसले आणि खोकत सुटले. दोन-तीन खेपांनंतर एक फुंक यंत्राला पटली. बाईनं पडद्याकडे पाहिलं आणि आकडे कागदावर उतरवले.

“आता पंपाचं औषध घ्या. थोडं थांबून परत फुंकायचं, म्हणजे औषधानं किती फरक पडतो ते कळेल.”

मामांनी पंप तोंडाला लावला आणि दाबला. गाल फुगले. पांढरा फवारा ओठांच्या कडांनी परत बाहेर आला.

बाईचा हात टेबलावर थबकला. “परत घ्या बरं.”

पुन्हा तेच.

“मामा, तुम्ही फुंकताय. हे ओढायचं असतं.”

“ओढतोच आहे की.”

बाईनं कागदाचा पातळ कपटा घेतला, रिकाम्या पंपासमोर धरला. “आता घ्या.” कपटा मामांकडे यायला हवा होता. तो फडफडत लांब गेला.

मामा त्या कपट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. नळी तोंडात असताना श्वास नाकानं घ्यायचा. तोंडानं ओढलास, तर भट्टीची हवा आत जाईल आणि आईला हाक मारायलाही आवाज उरणार नाही. मुकादम मागे उभा राहायचा. गाल जरा आत गेले की पाठीत धपाटा.”

“इथे कुठे भट्टी आहे?”

“नाही. कळतंय मला.”

त्यांनी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. ओढायचं ठरवलं आणि घसा कुलूप लावल्यासारखा मिटला. मामीला ते बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शेवटी बाईनं कपाटातून एक फुगीर डबी आणली. तिच्या एका टोकाला पंप बसत होता, दुसऱ्या टोकाला मऊ मुखवटा होता, अस्वलाचं चित्र असलेला. “पोरांसाठी असतो. मोठा संपलाय. पण यात तोंडात काही धरायचं नाही. नाक-तोंड झाका आणि नेहमीसारखा श्वास घ्या.”

मामांनी अस्वल तोंडावर धरलं. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा फुंकलं, तेव्हा पडद्यावरची रेघ चांगली वर चढली. मामांना स्वतःलाच कळलं. छाती रिकामी होत होती.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी पाहिल्या. “म्हणजे दोन महिने औषध हवेतच गेलं. चूक माझी. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर घ्यायला लावायला हवं होतं.”

“म्हणजे हेच होतं!” मामीचा आवाज चढला. “मग आता स्कॅन कशाला?”

“श्वासनळ्या औषधानं उघडल्या, मावशी. डाग औषधानं जात नाही. कारखान्यातल्या धुळीचा असेल, जुन्या आजाराचा व्रण असेल.”

“किंवा?” मामांनी विचारलं.

“किंवा काय, ते बघायलाच स्कॅन.”

स्कॅन झाला. संध्याकाळी मामा एकदाही न थांबता जिना चढले. मामीनं मागून “अहो, हळू” म्हटलं, तिला किती दिवसांनी तसं म्हणायला मिळालं होतं. पण घरात येऊन बसल्यावर मामांना भीतीनं गाठलं. सकाळपर्यंत सगळं लक्ष पुढच्या श्वासात असायचं. आता श्वास आपोआप येत होता आणि घाबरायला भरपूर हवा होती. लंबूलाही मधे एकदा बरं वाटलं होतं. पेढ्यांचा पुडा घेऊन तो भट्टीवर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला. मामांनीच उचलला.

“रिपोर्ट आलाय. उद्या दहाला डॉक्टरांना भेटा. सोबत घरचं कुणीतरी आणा.”

“सोबत का?”

“आम्ही सगळ्यांनाच सांगतो तसं.”

“सगळ्यांना?”

“हो, सगळ्यांना,” असं म्हणून पलीकडच्या बाईनं फोन ठेवला. मामांनी तिचा आवाज मनातल्या मनात पुन्हा ऐकून पाहिला. त्यातून काही निष्पन्न होईना.

“काय म्हणाले?” मामीनं आतून विचारलं.

“उद्या दहाला बोलावलंय.”

“आणि?”

“आणि काही नाही. मी जाऊन येईन. जिना चढतोय की आता.”

मामीनं कपाट उघडलं, बाहेर जायचे कपडे काढले, हातानं सुरकुत्या मोडल्या आणि खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवले. दोघांचेही.