माझ्यावर मारलेली पहिली काट

माझ्या लाल पुठ्ठ्याचा कोपरा कुरतडलेला आहे आणि पाठीवरची कापडी पट्टी सुटू लागली आहे. मित्रांनो, त्यावरून माझं वय तुम्ही ओळखलंच असेल. मी एक वही आहे. एका बाजूने देवाची, दुसऱ्या बाजूने कॉलेजची.

कारखान्यात मला कापलं, शिवलं, एवढंच जन्माचं आठवतं. जग पाहिलं ते शहापूरच्या बाजारात, एका दुकानाच्या फळीवरून. तिथून मला किन्हवलीच्या रुपाताईंनी उचललं. पैसे देण्याआधीच त्यांनी मला कपाळाला लावलं. तेव्हाच मी समजले, की आपली नेमणूक साधी नाही.

रुपाताईंचा लिखित जपाचा नेम होता. सकाळी अंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा, पाटावर बसून माझं एक पान रामनामाने भरायचं. पान पुरं होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. आणि काट मारायची नाही. हात चुकला, अक्षर बिघडलं, तर ते पान तसंच सोडायचं आणि दुसऱ्या पानावर पहिल्यापासून लिहायचं. देवाच्या नावावर रेघ ओढायची म्हणजे काय! लावणीच्या दिवसांत त्यांची बोटं चिखलाने चिरलेली असायची, तरी नेम चुकला नाही. त्यांची लेक कुणाली शेजारी मांडी घालून हे सगळं बघायची. शाळेच्या वहीतही ती तसंच, न खोडता लिहायला शिकली.

माझी निम्मी पानं भरली आणि संकल्प पुरा झाला. रामनवमीला मला हळदकुंकू वाहिलं. आळीतल्या बायकांनी माझी पानं चाळली, "काय गो अक्षर तुझं!" म्हणून कौतुक केलं. मग मला लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. उंदीर तेवढा एकदा येऊन गेला.

यंदा कुणाली बारावी झाली आणि शहापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली. तिथे लेखनकौशल्य नावाचा नवाच विषय होता. रुपाताईंनी मला फडक्यातून काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या पानांची बाजू लेकीपुढे धरली.

"नव्या कामाची सुरवात देवाच्या वहीत कर. अडणार नाय."

मला कोण आनंद झाला! पण मित्रांनो, त्या आनंदातच घोळ होता.

हा विषय शिकवायला देसले मॅडम होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "घरातल्या एका कामावर लिहा. आधी कच्चं लिहा. खोडा, बदला, परत खोडा. मग पक्कं करा. मला दोन्ही हवीत. कच्च्याला निम्मे गुण आहेत."

कुणालीने मान डोलावली. पण माझ्यात खोडणार कशी? तिने आपल्या परीने वाट काढली. किन्हवलीला गाडीत बसल्यापासून शहापूर येईपर्यंत ती वाक्यं तोंडातल्या तोंडात घोळवायची. एक बदलायची, दुसरं टाकायची. शेजारी बसलेली मैत्रीण मिताली तिला कोपराने ढोसायची.

"काय गो पुटपुटतंस? बाहेरचं लागलंय काय?"

"गप गो. वाक्य पळेल माझं."

सगळं मनात पक्कं झालं, की मग ती माझ्यावर उतरवायची. चुलीवरच्या भाकरीवर तिने दोन पानं लिहिली. कुठेही काट नाही. मला अभिमान वाटला. जपाच्या पानांसारखीच ती पानं शोभत होती.

गुरुवारी मॅडमनी ती पानं वाचली. पुन्हा वाचली. मग विचारलं, "कच्चं कुठे आहे?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे एका दमात हे असं उतरलं? कुठून घेतलंस? मोबाइलमधून?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तिच्या अंगात देव येतो!" वर्ग हसला. देवाच्या वहीत खोडत नाहीत, हे वाक्य कुणालीच्या ओठापर्यंत आलं आणि त्या हसण्याला भिऊन परत गेलं.

मॅडमनी मला मिटून तिच्या हातात दिलं. "उद्या कच्चं दाखव. नाही दाखवलंस तर हे उतरवलेलं आहे असं मी धरीन. गुण शून्य आणि प्राचार्यांकडे नाव."

परतीच्या गाडीत मितालीने तोडगा काढला. "रडतंस काय? पक्क्यावरून कच्चं बनव. चार ओळी वाकड्यातिकड्या लिही, दोनांवर काट मार. कोण बघतंय?"

दिवेलागणीला कुणाली मला घेऊन ओटीवर बसली. नवं पान उघडलं. आपलंच धड वाक्य तिने मोडून लिहिलं, आणि त्याच्यावर काट मारायला पेन टेकवलं. मित्रांनो, त्या पेनाचं टोक मला अजून आठवतं. ते पुढेही सरकेना आणि उचललंही जाईना. एकाच जागी शाई साचत गेली, तिचा ठिपका माझ्या आत झिरपू लागला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण वहीला कुठला आवाज!

"काय करतंस गो?" रुपाताई तुळशीपुढे दिवा ठेवून आत येत होत्या. त्यांचा गुरुवारचा उपास होता. आवाज हळूच होता, पण कुणाली दचकली.

"खोडतेय."

"ह्या वहीत?"

कुणालीचा बांध फुटला. मॅडम, वर्ग, शून्य, प्राचार्य, मितालीचा तोडगा, सगळं तिने सांगितलं. "ह्या वहीत मला लिवायलाच येत नाय, आये! चुकायची चोरी!"

रुपाताईंचा चेहरा कडक झाला. मला वाटलं, आता मला पुन्हा फडक्यात बांधतील. त्यांनी माझ्या पानावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"देवाचं नाव आधीपासून ठरलेलं असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याच्यात आपण काय बदलणार? म्हणून खोडत नाय. तुझं वाक्य कुठं ठरलंय? ते तुलाच शोधायचंय. शोधताना खोडलंस तर राम कशाला रागावंल?" मग त्यांनी पेन तिच्या बोटांतून काढून घेतलं. "पण हे खोटं खोडणं नको. चुकली नाय आनि चुकले म्हणून दाखवायचं? उद्या जा, खरं सांग."

"आनि शून्य दिलं तर?"

"तर शून्य घेऊन ये. जेवायला वाढीन."

शुक्रवारी कुणाली मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिली, तेव्हा मी तिच्या छातीशी होते.

"मॅडम, कच्चं नाही. मी गाडीत मनातल्या मनात खोडते. ही आईची जपाची वही आहे. हिच्यात काट मारत नाहीत."

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी मला उलटं करून पहिल्यापासून चाळलं. पानामागून पान रामनाम, एकही रेघ नाही. त्यांचा हात मंदावला.

"हे तुझ्या आईचं झालं," त्या म्हणाल्या. "तुझं मला अजून माहीत नाही. इथे बस. कालची संध्याकाळ लिही. आत्ता, माझ्यासमोर. आणि पुटपुटायचं नाही."

पुटपुटायचं नाही! कुणालीचा एकुलता एक आधार गेला. तिने ओठ घट्ट मिटले. घड्याळाची पाच मिनिटं कोरी गेली. मी तिच्यापुढे पसरलेली आणि ती माझ्याकडे बघतेय. मग तिने लिहिलं:

काल आई माझ्यावर रागावली.

ती थांबली. आई रागावली नव्हती. मग माझ्या अंगावरून एक सरळ रेघ गेली. माझ्यावरची पहिली काट. दुखेल असं वाटलं होतं. दुखलं नाही.

काल मला मॅडमची भीती वाटली.

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. दुसरी काट. तिसरं वाक्य लिहायला तिने सर्वांत जास्त वेळ घेतला.

काल मी आईच्या वहीत खोटं लिहायला बसले होते.

यावर काट पडली नाही. त्याच्याखाली ओळी येत गेल्या, काही मोडल्या, काही राहिल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी ती लिहीत होती. मॅडम तिच्या खांद्यामागून वाचत होत्या. खोडलेल्या ओळींवर त्यांनी जास्त वेळ घालवला.

"हे कच्चं झालं," त्या म्हणाल्या. "सोमवारी पक्कं आण. आणि कुणाली, भाकरीचे गुणही देते तुला. काल मी घाई केली."

मित्रांनो, वह्यांना जपा, आमचे कोपरे दुमडू नका, आम्हाला भिजवू नका, एवढं तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणं आहे. आम्हाला स्वच्छ ठेवण्यासाठी कोरं ठेवू नका. जे वाक्य तुम्हाला खरं वाटत नाही, त्याच्यावर खुशाल काट मारा. आम्ही सोसू. खोटं नीटनेटकं लिहून ठेवलंत, तर ते मात्र आम्हाला जन्मभर वागवावं लागतं.